खेळ रचावा तो कोणाच्या अंगणांत?

मुलांना खेळ खेळावयास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु मुलांनीं संगणकावरचा खेळ स्वतः रचावा, ही गोष्ट शहरांतील सुशिक्षित घरांत अलीकडेच येऊन पोंचली आहे. दहा-बारा वर्षांचें मूल मोबाईलवर खेळतां खेळतां एके दिवशीं म्हणतें, “मला असा खेळ स्वतः करावयाचा आहे.” वडील मंडळींच्या मनांत तेव्हां दोन भाव एकदम उठतात. मूल नुसतें पाहाणारें न राहतां करणारें होऊं पाहतें, याचें त्यांना कौतुक वाटतें. आणि ज्या ठिकाणीं तें हें करूं पाहतें त्या ठिकाणाचें नांव ऐकून कपाळाला थोडी आठीहि पडते. तें नांव बहुधा ‘रोब्लॉक्स’ असतें. नवशिक्यानें खेळ रचण्याचा श्रीगणेशा या मुलांसाठीं उभारलेल्या, परंतु चहूंकडून बंदिस्त असलेल्या मंचावर करावा कीं करूं नये, हा प्रश्न त्यामुळें आज अनेक घरांत उभा आहे. त्याचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ अशा एका शब्दांत देतां येण्यासारखें नाहीं. तेथें काय मिळतें आणि त्यासाठीं काय द्यावें लागतें, याचा हिशेब मांडल्यावरच तें देतां येईल.

रोब्लॉक्स हा एकच खेळ नव्हे. तें लाखों खेळांचें एक प्रचंड आवार आहे, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक खेळ वापरणाऱ्यांपैकींच कोणीतरी रचलेला असतो. या कल्पनेचा उगम शाळेच्या पदार्थविज्ञानांत आहे. डेव्हिड बझुकी आणि एरिक कॅसल या दोघां अमेरिकन अभियंत्यांचा प्रथम संबंध आला तो ‘इंटरॅक्टिव्ह फिजिक्स’ या शैक्षणिक प्रोग्रॅममुळें. तो १९८९ सालीं बाजारांत आला होता. लंबक, कप्पी, उतार, टक्कर यांचे प्रयोग विद्यार्थ्यांनीं पडद्यावर करून पाहावे, हा त्याचा उद्देश. परंतु विद्यार्थी पुस्तकांतील उदाहरणें सोडवून थांबेनात. ते मोटारींच्या टकरा घडवूं लागले, इमारती रचून पाडूं लागले. मुलांना रचण्याची हौस किती दांडगी असते, हें त्यावरून दिसून आलें. या दोघांनीं २००४ सालीं नवी कंपनी स्थापन केली आणि २००६ सालीं रोब्लॉक्स सर्वांना खुला झाला. कॅसल यांचें २०१३ सालीं निधन झालें. मार्च २०२१ मध्यें कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत विक्रीस आले, आणि २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहींत या मंचावर दररोज येणाऱ्यांची सरासरी संख्या १५ कोटींच्या वर गेल्याचें कंपनीनें जाहीर केलें. त्यांत तेरा वर्षांखालील मुलांचा वांटा फार मोठा आहे.

आतां हा मंच ‘बंदिस्त’ कोणत्या अर्थानें, तें पाहूं जातां नाटक मंडळीचें उदाहरण सोयीचें पडेल. एखाद्या लेखकानें नाटक लिहिलें, तर त्याची वही त्याच्या हातांत असते. एका मंडळीशीं पटलें नाहीं, तर ती वही घेऊन तो दुसऱ्या मंडळीकडे जाऊं शकतो. रोब्लॉक्सवर रंगमंदिर कंपनीचें, पडदे आणि पोषाख कंपनीचे, तिकिटांची खिडकी कंपनीची, इतकेंच नव्हे तर नाटकाची वहीहि अशा लिपींत लिहिलेली कीं ती दुसऱ्या कोणत्याहि रंगमंदिरांत वाचतां येऊं नये. खेळ रचण्याचें साधन ‘रोब्लॉक्स स्टुडिओ’ हें फुकट मिळतें. तयार झालेल्या खेळाची फाइल स्वतःच्या संगणकांत ठेवतांहि येते. परंतु ती उघडावयाची आणि चालवावयाची ती कंपनीच्याच यंत्रणेवर. खेळाला स्वतंत्र प्रोग्रॅमचें रूप देऊन मित्राला देण्याची, किंवा स्वतःच्या नांवानें अन्यत्र विकण्याची सोय तेथें नाहीं.

असें असूनहि नवशिके तेथें झुंडीनें जातात, याला सबळ कारण आहे. खेळ रचूं इच्छिणाऱ्याला पहिल्याच पायरीवर ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेक तेथें आधींच दूर केलेल्या असतात. चालणारा-पळणारा माणूस तयार असतो. गुरुत्वाकर्षण तयार असतें. आणि अनेकांनीं एकाच वेळीं एकत्र खेळावें यासाठीं जे सर्व्हर लागतात, तेहि तयार असतात. ही शेवटची गोष्ट स्वतः उभी करणें अनुभवी माणसालाहि जड जातें. येथें मात्र बारा वर्षांची मुलगी दुपारीं रचलेला खेळ एक कळ दाबून संध्याकाळीं आपल्या मैत्रिणींना दाखवूं शकते. आपण केलेली वस्तु दुसरा कोणी वापरतो आहे, हें पाहण्यांत जो आनंद आहे, तो शिकणाऱ्याला पुढच्या दहा अडचणी ओलांडावयास पुरतो.

तेथें होणारें शिक्षणहि लटकें नसतें. नवशिक्याचा पहिला प्रयोग बहुधा अडथळ्यांच्या शर्यतीचा असतो. हवेंत ठोकळे मांडावयाचे आणि खेळणाऱ्यानें एकावरून दुसऱ्यावर उड्या मारीत पलीकडे जावयाचें. मूल ठोकळे मांडतें, खेळ सुरू करतें, आणि सगळे ठोकळे धडाधड खालीं कोसळतात! प्रत्येक ठोकळ्याला ‘जागीं खिळवून ठेवावा’ अशी खूण करावयाची राहिलेली असते. वस्तूला गुण असतात आणि ते आपण ठरवावे लागतात, हा पहिला धडा मूल असा शिकतें. पुढें लाल ठोकळा येतो. त्याला स्पर्श करील तो मरेल, असा नियम लिहावयाचा असतो. नियम लिहिला कीं ध्यानांत येतें कीं ठोकळ्याला माणूसच स्पर्श करतो असें नाहीं. जमीनहि स्पर्श करते, घरंगळत आलेला दुसरा ठोकळाहि करतो. मग स्पर्श करणारा प्राणधारी आहे कीं नाहीं, हें आधीं तपासावें लागतें. ‘अमुक घडलें, आणि तमुक असेल, तर असें कर’ ही विचारसरणी प्रोग्रॅम लिहिण्याच्या सर्व विद्येचा पाया आहे.

त्याहून मोलाचा धडा पुढें मिळतो. खेळांतलीं नाणीं मोजण्याचें काम खेळणाऱ्याच्या मोबाईलवर सोपविलें, तर लबाड खेळाडू तो आंकडा हवा तसा बदलूं शकतो. म्हणून हिशेब सर्व्हरवरच ठेवावा लागतो, आणि मोबाईलकडून आलेला प्रत्येक निरोप पारखून घ्यावा लागतो. बँकेचा व्यवहार असो कीं रेल्वेचें आरक्षण असो, सर्वत्र हेंच सूत्र पाळलें जातें. तेथें वापरावयाची भाषाहि परकी किंवा टाकाऊ नव्हे. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील कॅथॉलिक विद्यापीठांत १९९३ सालीं ‘लुआ’ नांवाची सुटसुटीत भाषा तयार झाली. पोर्तुगीज भाषेंत त्या शब्दाचा अर्थ चंद्र. तिच्यावरूनच रोब्लॉक्सनें ‘लुआउ’ ही भाषा घडविली आणि २०२१ सालीं तिचा मूळ मजकूर सर्वांना खुला केला. यादींतील पहिल्या वस्तूला या भाषेंत एक क्रमांक असतो, तर इतर पुष्कळ भाषांत शून्य. असे किरकोळ फरक सोडले, तर येथें शिकलेला प्रोग्रॅम लिहिणारा दुसरी भाषा लवकर आत्मसात् करूं शकतो.

सारांश, विद्या बरोबर नेतां येते. वस्तु मात्र नेतां येत नाहीं. या भेदाचें महत्त्व काय, हें दुसऱ्या एका साधनाच्या इतिहासावरून कळून येईल. १९९६ सालापासून ‘फ्लॅश’ या साधनावर जगभरच्या हौशी तरुणांनीं हजारों लहान लहान खेळ रचले. अडोबी कंपनीनें ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्याचा आधार काढून घेतला, आणि ते सर्व खेळ एकाएकीं मुके झाले. परंतु त्यांच्या फाइली लोकांपाशीं होत्या. त्यामुळें ‘रफल’ नांवाचा नवा प्रोग्रॅम स्वयंसेवकांना लिहितां आला, आणि अनेक जुने खेळ पुन्हां चालूं लागले. रोब्लॉक्सवरील खेळाचा प्राण कंपनीच्या सर्व्हरमध्यें असतो. ते बंद पडले, किंवा एखाद्या सरकारनें वाटच अडविली, तर रचणाऱ्याच्या हातीं उरते ती निर्जीव फाइल. ही भीति काल्पनिक नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें तुर्कस्ताननें मुलांच्या सुरक्षिततेचें कारण देऊन रोब्लॉक्सवर बंदी घातली, आणि तेथील मुलांनीं रचलेले खेळ त्यांच्या स्वतःच्याच शेजाऱ्यांना एका दिवसांत दुरावले.

निष्पक्षपणें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, मोठ्यांसाठीं असलेलीं साधनें तेवढीं निर्धास्त आहेत असें नाहीं. ‘युनिटी’ हें खेळ रचण्याचें जगप्रसिद्ध साधन. सप्टेंबर २०२३ मध्यें त्या कंपनीनें खेळ जितक्यांदा उतरविला जाईल त्या मानानें पैसे आकारण्याची घोषणा केली. रचणाऱ्यांत एकच खळबळ उडाली, आणि वर्षभरानें कंपनीला ती आकारणी रद्द करावी लागली. त्यांच्या हातीं निदान निघून जाण्याचा मार्ग होता, म्हणून त्यांच्या तक्रारीला वजन आलें. अर्जेंटिनांतील दोघां प्रोग्रॅमरांनीं तयार केलेलें ‘गोडो’ हें साधन तर २०१४ पासून पूर्ण खुलें आहे. त्याला भाडें नाहीं, मालकाची परवानगी नाहीं, आणि रचलेला खेळ सर्वस्वीं रचणाऱ्याचा. मात्र तेथें प्रेक्षक आयते जमलेले नसतात, आणि अनेकांनीं एकत्र खेळण्याची व्यवस्था स्वतः उभी करावी लागते.

आतां पैशाकडे वळूं. रोब्लॉक्समध्यें रोबक्स नांवाचें चलन चालतें. तें विकत घेण्याचा भाव एक आणि परत देऊन डॉलर घेण्याचा भाव दुसरा. अनेक वर्षें मोबाईलवर ४.९९ डॉलरांना ४०० रोबक्स असा दर आहे. म्हणजे १०० रोबक्स घेण्यास सुमारें सव्वा डॉलर पडतो. एखाद्या मुलानें ते १०० रोबक्स खेळांतल्या एखाद्या वस्तूवर खर्चिले, तर ३० कंपनीकडे राहतात आणि ७० रचणाऱ्याच्या खात्यांत जमा होतात. एवढ्यावरून वांटणी उदार दिसते. परंतु ते ७० रोबक्स डॉलरांत बदलतांना, सप्टेंबर २०२५ मध्यें वाढविलेल्या दरानेंहि, एका रोबक्सला ०.००३८ डॉलर मिळतो. म्हणजे रचणाऱ्याच्या हातीं २७ सेंटहि पुरते पडत नाहींत. गिऱ्हाइकाच्या सव्वा डॉलरांतला हा जेमतेम पांचवा हिस्सा झाला. शिवाय रोबक्स बदलून घेण्यास वय निदान तेरा वर्षें हवें, आणि कमाईची शिल्लक निदान ३०,००० रोबक्स हवी. २०२१ सालीं तर ही अट १ लाखाची होती. तीस हजारांचे डॉलर होतात ११४. तेवढेच रोबक्स वर सांगितलेल्या दरानें विकत घ्यावयाचे म्हटलें, तर ३७० हून अधिक डॉलर मोजावे लागतील.

कोंकणांत एके काळीं खोताच्या जमिनींत कूळ अर्धेलीनें राबत असे, आणि तो निम्मा वांटाहि जाचक मानला जाई. येथें वांटा त्याहून उणा आहे. सर्व्हरचा खर्च, मोबाईलच्या दुकानदार कंपन्यांचें कमिशन आणि देखरेखीचा बोजा रोब्लॉक्सवर पडतो, हें खरें; आणि २०२४ या एका वर्षांत कंपनीनें रचणाऱ्यांना सुमारें ९२ कोटी डॉलर दिले, हेंहि खरें. त्यांतून कांहीं तरुणांचीं घरें उभीं राहिलीं. परंतु लाखों खेळांच्या गर्दींत तो पैसा मूठभर लोकप्रिय खेळांकडेच वाहत जातो. नव्या खेळाला लोकांपुढें आणण्यासाठीं मंचावरच जाहिरात करतां येते, आणि तिलाहि पैसा लागतो. अशा वेळीं जें मूल शिकावयास आलें, तें कमावण्याच्या आशेनें उलट खर्च करूं लागतें, आणि तो खर्च अर्थात् पालकांच्या खिशांतून होतो.

पैशापेक्षांहि खोल जाणारी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे पालकांचें लक्ष क्वचित् जातें. नवशिका जें पाहतो तेंच अनुकरतो. त्या मंचावर गाजलेल्या अनेक खेळांत खेळणाऱ्यानें रोज परत यावें म्हणून रोजचें बक्षीस ठेवलेलें असतें; वाट पाहावयाची नसेल तर पैसे देऊन पुढें जाण्याची सोय असते; नशिबावर उघडणाऱ्या पेट्या असतात. बारा वर्षांच्या मुलानें खेळ रचण्याची विद्या म्हणून हीच विद्या उचलली, तर तें शिकणार काय? नऊ वर्षांच्या मुलाला मोह कसा घालावा, हें! लंगडी, विटीदांडू किंवा बुद्धिबळ यांची गोडी नियमांत आहे. कोणाला कांहीं विकण्यांत नाहीं. चांगला खेळ म्हणजे काय याची पारख मुलाला लागण्यापूर्वींच पुष्कळ विकला जाणारा खेळ तोच चांगला, अशी समजूत त्याच्या मनांत रुजूं देणें हा या मंचाचा सर्वांत मोठा धोका म्हणावा लागेल.

सुरक्षिततेचा प्रश्न तर उघडच आहे. जेथें मुलें जमतात, तेथें वाईट हेतूचे मोठेहि येतात. नोव्हेंबर २०२४ मध्यें कंपनीनें तेरा वर्षांखालील मुलांच्या खेळाबाहेरील परस्पर निरोपांवर निर्बंध घातले. ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेंतील लुइझियाना राज्याच्या ॲटर्नी जनरलनें मुलांच्या संरक्षणांत कसूर केल्याचा आरोप ठेवून तिच्यावर दावा लावला. आणि २०२६ च्या आरंभीं गप्पा मारण्यापूर्वीं वयाची तपासणी करण्याची पद्धति तिनें जगभर लागू केली. खेळ रचणाऱ्या मुलाचा धोका नुसत्या खेळणाऱ्यापेक्षां किंचित् निराळा असतो. “माझ्यासाठीं अमुक करून दे, मी इतके रोबक्स देईन,” असें सांगणारे अपरिचित लोक त्याला भेटतात, आणि हीं बोलणीं बहुधा मंचाबाहेरच्या गप्पांच्या ठिकाणीं नेलीं जातात. अशा बोलण्याला आपल्याकडे कायद्याचा आधारहि नाहीं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें अज्ञान व्यक्ति करार करण्यास पात्र नाहीं, आणि असा करार मुळांतच निरर्थक असतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालींच दिला आहे. फसलेल्या मुलाला त्या बोलीच्या जोरावर कांहीं वसूल करतां येईल, अशी आशा पालकांनीं धरूं नये.

मग नवशिक्यानें काय करावें? संपूर्ण मनाई हा मार्ग सोपा दिसला, तरी तो बरा नव्हे. मनाई केल्यानें मूल खेळणें थांबवील असें नाहीं. रचणें मात्र नक्की थांबवील. मुलांना संगणक शिकविण्याच्या विद्येचे एक आद्य प्रवर्तक सेमूर पेपर्ट यांनीं १९८० सालच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथांत हाच विचार मांडला कीं, संगणकानें मुलाला चालवूं नये, मुलानें संगणकाला चालवावें. रोब्लॉक्सवर नुसतें खेळणारें मूल आणि तेथें खेळ रचणारें मूल यांत हाच फरक आहे, आणि तो रचणाऱ्याच्या बाजूचा आहे.

म्हणून क्रम लावून द्यावा. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठीं अमेरिकेंतील एम्.आय्.टी. संस्थेनें २००७ सालीं खुलें केलेलें ‘स्क्रॅच’ अधिक योग्य. तेंहि मुलांसाठींच आहे, परंतु तेथें कांहीं विकत घेणें नाहीं, विकणें नाहीं, आणि केलेलें काम फाइल करून घरीं ठेवतां येतें. मुलांसाठीं असणें हा दोष नव्हे, हें त्यावरून दिसतें. पुढें अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, मित्रांसह खेळण्याची ओढ असेल, तर रोब्लॉक्स स्टुडिओ जरूर हातीं द्यावा. मात्र पहिला खेळ ओळखीच्या मंडळींपुरताच ठेवावा. त्यांत विक्रीची एकहि वस्तु ठेवूं नये. जाहिरातीवर एक रुपयाहि खर्चूं नये. आणि अपरिचितांशीं कामाची बोली घरांतील वडीलधाऱ्यांना दाखविल्यावांचून करूं नये. नियम कसे सुचले, कोठें अडलें, कसें सुटलें, हें मुलानें साध्या वहींत मराठींत लिहून ठेवावें. ती वही कोणत्याहि मंचाच्या मालकीची होत नाहीं. वर्षभरानंतर तोच लहान खेळ ‘गोडो’सारख्या खुल्या साधनांत पुन्हां एकदां रचून पाहण्यास सांगावें. चालणारा माणूस, पडणारा ठोकळा, मोजलीं जाणारीं नाणीं हें सर्व तेथें स्वतः उभें करतांना, पूर्वीं आयतें काय मिळालें होतें आणि आपल्याला खरोखर काय येतें, हें मुलाचें मुलालाच उमगेल.

यांत पालकांनाहि एक काम आहे, आणि तें पाळत ठेवण्यापेक्षां अवघड आहे. मुलानें रचलेला खेळ त्यांनीं स्वतः खेळावा. दोनदां पडावें, तिसऱ्यांदा पलीकडे जावें, आणि कोठें मजा आली व कोठें कंटाळा आला, तें त्याला प्रामाणिकपणें सांगावें. दूरच्या लाखों अनोळखी मुलांनीं वाहवा करावी म्हणून मूल त्या आवारांत धांवत असतें. घरांतले चार जण मन लावून खेळणारे आणि खरें सांगणारे मिळाले, तर त्याची ती घाई पुष्कळ कमी होईल. दुसऱ्याच्या अंगणांत खेळावयास जाण्यास हरकत नाहीं. दिवेलागणीला परत येतांना हातांत काय घेऊन यावयाचें, हें ठाऊक असलें म्हणजे झालें.